मिलिंद या नावाचा उच्चार

मिलिंद हे नाव आपल्या वस्तीत आता काका-मामांचं नाव झालंय. नाशकात कुठल्याही जयंतीच्या मंडपात उभं राहून ‘मिलिंदभाऊ’ अशी हाळी द्या, पन्नाशी-साठीतले दोघे-तिघे तरी वळून बघतील. पाळण्यात मात्र हे नाव आता विरळ. १९५६ च्या आधी ते आपल्या घरात त्याहूनही विरळ होतं. म्हणजे मधल्या तीस-चाळीस वर्षांत एक नाव कुठून तरी आलं, महारवाड्यांतून, चाळींतून, रेल्वेच्या नि मिलच्या खोल्यांतून पसरलं, हजेरीबुकात एकाखाली एक दोनदा येऊ लागलं, नि आता ओसरतंय. नावांचं असं होतंच. त्याबद्दल गळा काढायला हे लिहीत नाही.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. आपल्या पोरांना भाषण करताना, मुलाखत देताना, कचेरीत तोंड उघडताना उच्चारावरनं अडवलं जातं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की समोरचा गालात हसतो. आजी ‘नंबर’ला ‘लंबर’ म्हणाली की कॉलेजात शिकणारा नातू तिला कोपरानं ढोसतो. त्या नातवाचं नाव मिलिंद असेल, तर त्याला हे सांगितलं पाहिजे की बाबा रे, तुझं नावच ह्या ‘लंबर’च्या जातीचं आहे. ते अशा तथाकथित अशुद्ध तोंडांतूनच दोन हजार वर्षं चालत आलंय. ती तोंडं नसती तर तू मिलिंद झालाच नसतास.

दोस्तहो, आधी मिलिंदच्या आजोबा-पणजोबांची नावं आठवू. धोंडू, दगडू, कचरू, केरू, उकिरडा, भिकू, मसणू. ही नावं आली कुठून? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ३१ वा श्लोक आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ सांगणारं, वैश्याचं धन सांगणारं, नि शूद्राचं किळस यावी असं. पुढच्याच श्लोकात शूद्राच्या नावाला चाकरीचं शेपूटही जोडलंय. जी पोथी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जळाली, तिच्यात बारशाचा सुद्धा कायदा होता.

पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. दगडू-धोंडू ही नावं फक्त आपल्यातच नव्हती. पोरं जगत नसली की कुणब्याच्या, माळ्याच्या घरीही अशी नावं ठेवायचे. मरणाची नजर पडू नये, पोर कचऱ्यासारखं कुणाच्या डोळ्यात भरू नये, एवढाच हेतू. तेव्हा प्रत्येक कचरूमागं मनू बसलेला नव्हता, कैक ठिकाणी भेदरलेली आई बसलेली होती. फरक पुढं पडायचा. कुणब्याचा धोंडू मोठा झाला की धोंडीबा व्हायचा, धोंडीबा पाटील व्हायचा. आपला धोंडू म्हातारा होऊन मेला तरी धोंड्याच राहायचा. पाटलाचं शेंबडं पोर सुद्धा त्याला ‘ए धोंड्या’ म्हणायचं. नाव तेच, उच्चार दुसरा. म्हणून नावाचा इतिहास लिहायचा तर ते कुणाच्या तोंडात कसं आलं, ते बघावं लागतं.

आपल्यात पुरुषाच्या नावाला ‘नाक’ लागायचा. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची ४९ नावं आहेत, त्यांतली २२ नावं ‘नाक’नं संपतात. हा ‘नाक’ नागवरून आला की नायकवरून, ह्यावर वाद आहेत, चालू देत. मला त्यात दिसतं ते एवढंच, की रामनाक हे पुरं नाव दगडावर कोरलं गेलं. गावात असता तर त्याचा राम्या झाला असता.

आता मिलिंदकडं येऊ.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्यातल्या पोरांसाठी कॉलेज सुरू झालं. त्याला नाव मिळालं मिलिंद महाविद्यालय, नि भोवतालच्या माळाला नागसेनवन. बघा, धर्मांतराला अजून सहा वर्षं अवकाश होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला घोषणा झालेली होती, पण कुठल्या धर्मात जायचं हे लोकांना अजून सांगितलेलं नव्हतं. तोवर सिद्धार्थ, मिलिंद, नागसेन ही नावं इमारतींच्या पाट्यांवर येऊन बसली होती. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर पाटीवरची नावं पाळण्यात उतरली. ज्या बापाला मिलिंदप्रश्न नावाचा ग्रंथ आहे हे माहीत नव्हतं, त्याला मिलिंद नावाचं कॉलेज आहे हे माहीत होतं. तिथं आपली पोरं शिकून प्रोफेसर होतात हे माहीत होतं. पुढं त्याच कॉलेजात म. ना. वानखडे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे शिकवू लागले, ‘अस्मितादर्श’ निघालं. बापानं पोराला ग्रीक राजाचं नाव दिलं की कॉलेजचं, असं विचाराल तर माझ्या मते कॉलेजचं. नि त्यात गैर काहीच नाही. ज्या घरात अक्षर शिरलं नव्हतं तिथं पोराला कॉलेजचं नाव लागलं, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण राजा होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याला, पंजाबात. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट असं मानतात. सिकंदराच्या मागून बल्ख-गांधारात राहिलेल्या ग्रीकांच्या वंशातला. त्याच्या भाषेत त्याचं नाव मेनान्द्रोस. आता ह्या नावाचं काय झालं ते बघा. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आहेत, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. खरोष्ठीत त्याला महाराज, त्राता, मेनंद्र असं म्हटलंय. म्हणजे खुद्द राजाच्या टांकसाळीत, राजा जिता असताना, नावाचं शेपूट गळालं. राजानं टांकसाळीवाल्याला ‘उच्चार नीट कर’ म्हणून हाकलल्याचं दिसत नाही. बाजौर भागातल्या शिनकोटच्या अस्थिकरंडकावर ते ‘मिनेद्र’ असं वाचलं गेलंय. चिनी भाषांतरात तो ‘मि-लान’ आहे. काश्मीरच्या क्षेमेंद्रानं अकराव्या शतकात ‘मिलिंद्र’ लिहिलं. नि सिंहल, ब्रह्मदेशात जपलेल्या पाली ग्रंथात तो ‘मिलिन्द’.

‘न’चा ‘ल’ कसा झाला? हे समजायला विद्यापीठात जावं लागत नाही. आजीला विचारा. संस्कृतातला निंब मराठीत लिंब झाला, कडुनिंबाला आपण कडुलिंब म्हणतो, नि ते पुस्तकातही छापतात. ‘नंबर’चा ‘लंबर’ होतो, ‘नोट’ची ‘लोट’ होते. उलटही होतं, संस्कृतातला लांगल मराठीत नांगर झाला. म नि न असे नाकातले आवाज लागोपाठ आले की जीभ एकाला बाजूला सारते, तिला सोपा पडणारा ‘ल’ घेते. शेवटचा ‘द्र’ तर प्राकृतात सगळीकडेच झिजतो. चंद्राचा चंद झाला, त्याचा पुढं चांद झाला. त्यातून इंद हा शेवट इकडच्या कानाला ओळखीचा होता, ‘मेनंद’पेक्षा ‘मिलिंद’ जिभेवर बरं बसलं. असा हा मेनान्द्रोस आपला मिलिंद झाला. पंडितांनी बसून ठरवलेलं नाही, बाजारात, विहारात, रस्त्यावर घडलंय.

नि ‘पानी’चं म्हणाल तर ऐकून ठेवा. संस्कृतात नि पालीत मूळ शब्द पानीय, त्यात ‘न’च आहे. ‘ण’ नंतर आलाय. तेव्हा ‘पाणी’ हे शुद्ध नि ‘पानी’ हे अशुद्ध, असं जो सांगतो तो भाषेचा नियम सांगत नसतो, आपण कुठल्या आळीत राहतो ते सांगत असतो.

राजाचं नाव आपल्या मुलखात सुद्धा खेळलेलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तो म्हणतो की भडोचच्या बाजारात मेनान्द्रोसच्या नावाची जुनी नाणी अजून चालतात. राजा मरून शे-दोनशे वर्षं झालेली, नि त्याचं नाव व्यापाऱ्याच्या कनवटीला. त्याच भडोचला पैठणचा नि तेरचा माल उतरायचा. आपलं नाशिक ह्याच व्यापारी मुलखातलं.

मिलिंदप्रश्न ह्या ग्रंथाची मला सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्याची सुरुवात. राजा मोठा वादपटू. भल्याभल्यांना गप्प केलेलं. नागसेन भिक्षू समोर आल्यावर तो पहिला प्रश्न विचारतो, तुमचं नाव काय. आपल्याला हा प्रश्न नवा नाही. खोली भाड्यानं बघायला गेलं की हाच पहिला प्रश्न असतो. नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणून ओळखतात. आईबाप पोरांची नावं ठेवतात, कुणाचं नागसेन, कुणाचं शूरसेन, कुणाचं वीरसेन, कुणाचं सिंहसेन. पण ही नुसती हाक मारायची सोय आहे, ह्या नावाच्या आत कुणी कायमचा माणूस बसलेला सापडत नाही. राजाला वाटतं, सापडला हा. मग शील पाळतो तो कोण, जेवतो तो कोण? त्यावर नागसेन त्याला त्याच्याच रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे? राजा नाही नाही म्हणत जातो, नि शेवटी त्याच्याच तोंडून निघतं की सगळे भाग जुळले की त्याला आपण रथ म्हणतो, एवढंच.

ह्याचा तत्त्वज्ञानात काय अर्थ लावायचा तो जाणत्यांनी लावावा. आपल्यासाठी त्यात एक रोकडा अर्थ आहे. माणसाच्या आत जन्मानं ठोकून बसवलेलं काही नाही, असं म्हटलं की जात बसायला जागाच राहत नाही. मनूला ते परवडणारं नव्हतं. म्हणून त्यानं नावातच माणूस ठोकून बसवला.

खोलीवाल्याचं मात्र नावानं भागत नाही. ‘मिलिंद’ ऐकल्यावर त्याचा पुढचा प्रश्न येतो, पूर्ण नाव? तो आडनाव विचारत असतो. ह्याचं कारण मिलिंद हे नाव दोन घरांत वाढलंय. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. नावांच्या पुस्तकांत अजूनही तोच अर्थ छापतात, नि राजाचा पत्ता नसतो. पांढरपेशा घरांतही मिलिंद आहेत, भरपूर आहेत, तिथं त्याच्या बारशाला कमळ नि भुंगा आले असतील. आपल्या बारशाला नागसेन आला. कागदावर दोघे सारखेच दिसतात. म्हणून आपल्यातल्या कैक मिलिंदांना नोकरीच्या गावी ह्या नावानं थोडा वेळ दम खाऊ दिला, आडनाव विचारेपर्यंत. बाबुराव बागूल आपल्या नाशिकच्या विहितगावचे. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ ला आला, नि चोरी कुणाची नि चोर कोण हे तेव्हापासून आपल्याला कळतंय. आज कुणी आपल्या पोराचं नाव मुद्दाम असं ठेवत असेल की जात कळू नये, तर त्याला मी शिव्या देणार नाही. ज्याला भाड्याची खोली शोधायची आहे त्यालाच ते ठाऊक. पण ‘हे नाव आमच्यातलं वाटतं’ म्हणून मिलिंद टाळत असाल, तर निदान एवढं माहीत असू द्या, की ते नाव आधी पंजाबातल्या ग्रीकाचं, मग पाली ग्रंथाचं, मग बाबासाहेबांच्या कॉलेजचं होतं.

ग्रीकांना आपल्याकडं यवन म्हणत, पालीत योन. मज्झिम निकायात अस्सलायन नावाच्या ब्राह्मण पोराशी बुद्धाचा वाद आहे. ब्राह्मणच श्रेष्ठ, असं तो पोरगा म्हणतो. बुद्ध त्याला विचारतो, योन नि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक नि दास, आणि तिथं मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकलंयस का? पोरगा म्हणतो, ऐकलंय. बुद्धानं यवनांकडं बोट दाखवलं ते चार वर्ण ही जगाची रीत नाही हे दाखवायला. नि मनू दहाव्या अध्यायात काय म्हणतो? यवन हे मूळचे क्षत्रिय, पण ब्राह्मणांना विचारेनासे झाले म्हणून वृषल झाले, शूद्राच्या पायरीला आले. मनूच्या हिशेबानं मिलिंद राजाला सुद्धा किळसवाणं नाव ठेवायला हवं होतं! त्याचं नाव उकिरडा असतं तर शोभलं असतं म्हणे.

हे सगळं पंजाबातलं नि पोथीतलं वाटत असेल तर नाशिकच्या डोंगरावर चला.

मुंबई-आग्रा रस्त्याला लागून जो डोंगर आहे त्याला लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. नावं कशी बुजवतात ह्याचा हा घरचाच दाखला. तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव तिरण्हु आहे, म्हणून आपण त्रिरश्मी म्हणतो. २४ लेणी, कोरायला सुरुवात इसवी सनाच्या आगेमागे, बरंचसं काम पुढच्या दोन-तीनशे वर्षांतलं. त्यातलं १७ नंबरचं लेणं (आजीच्या भाषेत १७ लंबर) एका यवनाचं आहे. ओसरीच्या भिंतीवर त्याचा लेख आहे. त्यात तो स्वतःला उत्तरेकडचा, दातामितीचा राहणारा, योनक म्हणवतो. बापाचं नाव धंमदेव. स्वतःचं नाव ईदाग्निदत, म्हणजे संस्कृतात इंद्राग्निदत्त. त्यानं आईबापाच्या नावानं हे लेणं खोदवलं, आत चैत्यघर केलं, पाण्याची टाकी केली, नि चारी दिशांच्या भिक्षुसंघाला देऊन टाकलं. एकट्यानं नाही दिलं, पोराला बरोबर घेऊन दिलं. पोराचं नाव धंमरखित.

ह्या तीन नावांवर थोडं थांबा. आजा धंमदेव, बाप इंद्राग्निदत्त, नातू धंमरखित. एकही नाव ग्रीक नाही. आजाच्या नावात धम्म आहे, बापाच्या नावात वेदातले इंद्र नि अग्नी, नि नातवाच्या नावात पुन्हा धम्म. का, ते लेखात नाही. पण आपल्या घरातली तीन पिढ्यांची नावं एका कागदावर लिहून बघा, आजा विठू, बाप रामदास, पोरगा मिलिंद, म्हणजे घरात काय उलथापालथ चालते ते समजेल. दुसऱ्या मुलखातून आलेला माणूस इथं राहतो, इथली बोली घेतो, इथला धम्म घेतो, नि पोराच्या नावात ते सगळं मांडून ठेवतो. असा तो एकटाच नव्हता. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट, चंद असे यवन दाते आहेत, कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाचे यवन आहेत. नि महावंसात लिहिलंय की अशोकाच्या काळी अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्म सांगायला जो भिक्षू आला तो योन होता, नि त्याचं नावही धम्मरक्खित. मिलिंदप्रश्नात नागसेनाला पाटलिपुत्रात त्रिपिटक शिकवणाऱ्या आचार्याचं नाव धम्मरक्खित. हे नाव त्या काळी चांगलंच चालतं होतं असं दिसतं. आज मात्र ते दुर्मिळ आहे.

त्याच डोंगरावर तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्री ह्या राजमातेचा मोठा लेख आहे. तिचा पोरगा गौतमीपुत्र सातकर्णी. त्यानं शक, यवन, पल्हवांचा नाश केला, चार वर्णांची सरमिसळ थांबवली, असं त्यात अभिमानानं कोरलंय. त्याला ‘एकब्राह्मण’ म्हटलंय. लेणं मात्र भिक्षुसंघाला दिलेलं. एका डोंगरात, हाकेच्या अंतरावर, एक भिंत सांगते की यवन संपवले, सरमिसळ थांबवली. दुसऱ्या भिंतीवर यवनाचं पोर धम्मरखित होऊन बापाच्या शेजारी उभं आहे. पंडित पहिल्या लेखावर पानंच्या पानं लिहितात. आपण दुसरा वाचू. आणि पहिल्यातलंही एक घेऊ, राजाच्या नावात आईचं नाव पुढं आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. आज आईचं नाव लावणाऱ्या पोरांना जे ‘हे काय नवीन खूळ’ म्हणतात त्यांना त्रिरश्मीवर घेऊन यावं.

तिथून खाली शहरात बघा. गोदेकाठी काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला दादासाहेब गायकवाडांच्या पिढीनं तिथं सत्याग्रह सुरू केला, तो वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. डोंगरावर परदेशी माणसानं पाण्याची टाकी खोदून चारी दिशांना मोकळी केली, त्याला अठराशे वर्षं उलटून गेल्यावर ह्याच गावात देवाचं दार नि रामकुंडाचं पाणी आपल्याला बंद होतं. येवल्याची घोषणा ह्या बंद दारातूनच निघाली. नि त्या घोषणेतून, पुढं एकवीस वर्षांनी, पाळण्यातले मिलिंद, राहुल, सिद्धार्थ.

ती नावं सुखासुखी बोलली गेली असं समजू नका. कित्येक गावांत पोराचं नाव मिलिंद ठेवल्याचं समजल्यावर गावानं मुद्दाम त्याला जुन्याच तऱ्हेनं हाका मारल्या. हजेरी घेणारा मास्तर ‘मिलिंद’ म्हणताना जरा थांबून, चष्म्यावरनं बघून, ओठ वाकडा करून म्हणायचा. घरी आई सुद्धा ‘मिल्या’ म्हणायची, पण तिच्या ‘मिल्या’त नि पाटलाच्या ‘मिल्या’त जमीन-अस्मानाचा फरक होता, नि पोराला तो न शिकवता कळायचा. १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. १४ जानेवारी १९९४ उजाडेपर्यंत सोळा वर्षं गेली, नि तेव्हाही नामांतर नाही, नामविस्तार झाला. नावाला काय असतं म्हणणारे लोक त्या सोळा वर्षांत कुठं होते कोण जाणे.

आता कुणा कार्यकर्त्याला मुलगा झाला नि त्यानं त्रिरश्मीवरचं नाव ठेवायचं मनात आणलं, तर उच्चाराचं सांगून ठेवतो. लेखात अक्षरं आहेत धंमरखित. त्या काळच्या लिहिण्यात जोडाक्षर पुरं लिहायची पद्धत नव्हती. दोन म लिहायच्या जागी आधीच्या अक्षरावर टिंब द्यायचे, नि ‘क्ख’साठी नुसता ‘ख’ लिहायचे. वाचताना मात्र धम्म-रक्खित असंच वाचायचं, म वर जोर, ख वर जोर. शेवटचा ‘त’ मराठीत पाय मोडल्यासारखाच येणार, त्याला इलाज नाही, मिलिंदच्या ‘द’चंही तेच झालं. दाखल्यावर लिहिणारा कारकून ‘धर्मरक्षित’ करून देईल. मी तुमच्यासाठी शुद्ध केलं, असंही वर सांगेल. त्याला सांगा की ते शुद्ध आधीच आहे. रक्खित हे रूप आपल्या घरातलंच आहे. आपण गुरं राखतो, शेत राखतो, आपले आजे रात्रभर वेशीवर गाव राखायचे, ते राखणं हेच. फक्त ह्या नावात पोरगं राखणदार नाही, धम्मानं राखलेलं आहे.

आजी त्याला रखित म्हणेल, नाहीतर रख्या म्हणेल. म्हणू द्या.

नि १७ नंबरपाशी गेलात तर गाइडच्या पांडवांच्या गोष्टी ऐकत बसू नका, ओसरीत जाऊन लेख शोधा. लेखात ‘लेण’ हा शब्द आहे, आपण आजही लेणंच म्हणतो, तिथपासून अक्षरं लावायला सुरुवात करा. ब्राह्मीतला ‘ध’ दोरी ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. आईबापाचा उल्लेख आधी येतो, मग चारी दिशांचा संघ, नि अगदी शेवटी, बापाच्या नावापासून लांब, पोराचं नाव येतं.